जमलं, फसलं, थोडक्यात हुकलं: यशापयशाबद्दल इंग्रजीत बोलताना

‘सक्सेस’ म्हणजे यश आणि ‘फेल्युअर’ म्हणजे अपयश, एवढं कुणाला शिकवावं लागत नाही. घोडं अडतं ते वाक्यात. ‘मला यश मिळालं’ याचं ‘आय गॉट सक्सेस’ होतं, ‘तो नापास झाला’ याचं ‘ही बिकेम फेल’ होतं, आणि ‘सगळं ठरलेलं बारगळलं’ असं सांगायची वेळ आली की ‘प्लॅन कॅन्सल’ म्हणून आपण सुटका करून घेतो. समोरच्याला अर्थ कळतो, पण मुलाखतीत किंवा कामाच्या ईमेलमध्ये तेवढ्यावर भागत नाही.

याचं मूळ मराठी वाक्याच्या घडणीत आहे. आपल्याकडे यश ‘मिळतं’ किंवा ‘येतं’, काम ‘जमतं’ किंवा ‘फसतं’, आणि माणूस ‘मला’, ‘त्याला’ होऊन जरा बाजूलाच उभा राहतो. इंग्रजीत बहुतेक वेळा माणूस स्वतः कर्ता होऊन पुढे येतो: आय सक्सीडेड, शी मॅनेज्ड, दे फेल्ड. म्हणून एका रकान्यात शब्द आणि दुसऱ्यात अर्थ अशी यादी कितीही घोकली तरी हा विषय हाती लागत नाही. शब्द त्याच्या वाक्यासकट उचलावा लागतो. पुढच्या पायऱ्या त्याच बेताने मांडल्या आहेत. शाळेपुरतं इंग्रजी येतं, वाचलेलं कळतं, पण बोलताना अडखळायला होतं, अशा वाचकाला त्या जास्त उपयोगी पडतील.

पहिली पायरी: वही आणि कोश

नवा शब्द वहीत उतरवताना त्याच्यासोबत तीन गोष्टी लिहा: एक पूर्ण वाक्य, शब्दाच्या पुढे काय येतं ते, आणि तो कुठे शोभतो ते, म्हणजे मित्रांत, ऑफिसात की दोन्हीकडे. मराठी अर्थ शेवटी लिहा, तोही पेन्सिलीने. वाक्य पक्कं झालं की तो खोडून टाकायचा.

कोश शिकणाऱ्यांसाठी बनवलेलाच घ्या. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात. क्रियापदापुढे कोणती रचना येते हे दाखवण्याची पद्धत ए. एस. हॉर्नबी यांच्या कोशाने रुळवली. तो ऑक्सफर्डने 1948 मध्ये बाजारात आणला. आज या कोशांत ‘सक्सीड’ उघडलं, तर अर्थाजवळच ठळक अक्षरांत ‘सक्सीड इन डूइंग समथिंग’ असं दिसतं. आपल्याला अर्थापेक्षा त्या ठळक ओळीची गरज जास्त असते, आणि नेमकी तीच ओलांडून आपण पुढे जातो.

या लेखातले इंग्रजी शब्द देवनागरीत आहेत, म्हणजे इथे फक्त उच्चार मिळेल. स्पेलिंग प्रत्येकाने कोशातून काढावं. शब्द शोधण्याच्या खटपटीत तो अर्धा लक्षात राहतो. ‘सक्सेस’मध्ये सी दोनदा येतो आणि शेवटी एसही दोनदा. ‘सक्सीड’, ‘प्रोसीड’, ‘एक्सीड’ या तीन नेहमीच्या क्रियापदांचा शेवट सी-ई-ई-डी असा होतो. ‘रिसीड’, ‘कन्सीड’, ‘प्रिसीड’ यांचा शेवट मात्र सी-ई-डी-ई. उच्चारात ‘सक्सेस’ आणि ‘सक्सीड’ या दोन्हींचा जोर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘सेस’ आणि ‘सीड’वर, असतो. मराठी सवयीने पहिल्या ‘सक्’वर जोर दिला की परक्या कानाला शब्द ओळखायला क्षणभर वेळ लागतो.

दुसरी पायरी: दोन कुटुंबं

यशाच्या कुटुंबात चार जण: क्रियापद ‘सक्सीड’, नाम ‘सक्सेस’, विशेषण ‘सक्सेसफुल’, क्रियाविशेषण ‘सक्सेसफुली’. ‘आय सक्सेस’ हे वाक्य होत नाही, कारण ‘सक्सेस’ क्रियापदच नाही. ‘सक्सीड’पुढे ‘इन’ आणि आयएनजी लागलेलं रूप येतं: ‘शी सक्सीडेड इन गेटिंग अ लोन’. ‘सक्सीडेड टू गेट’ हे चूक.

अपयशाच्या बाजूला रचना बदलते. ‘फेल’पुढे ‘टू’ येतो: ‘शी फेल्ड टू गेट अ लोन’. एकाच अर्थाची दोन टोकं आणि त्यांची व्याकरणं वेगळी, त्यामुळे पक्की झाल्यावर ही दोन वाक्यं वहीत शेजारी-शेजारी लिहिलेली बरी.

परीक्षेचं वेगळं. ‘ही फेल्ड द एक्झाम’, ‘शी पास्ड द टेस्ट’ यांत मध्ये काही येत नाही. आपण ‘परीक्षेत नापास’ म्हणतो, म्हणून जीभ ‘इन’कडे वळते, तिला आवरा. गंमत म्हणजे परीक्षकही ‘फेल’ करू शकतो: ‘दे फेल्ड हिम’ म्हणजे त्यांनी त्याला नापास केलं. ‘पास आउट’चं काय करायचं? कॉलेजातून बाहेर पडणं या अर्थी तो आपल्याकडे सर्रास चालतो, पण इतर देशांतला माणूस ‘आय पास्ड आउट इन 2015’ ऐकून तुम्ही बेशुद्ध पडलात असं समजेल. तिथे ‘आय ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

‘फेल’चा आणखी एक वापर आहे आणि तो कागदोपत्री सारखा भेटतो. ‘ही फेल्ड टू रिप्लाय’ याचा अर्थ उत्तर द्यायचा प्रयत्न केला पण जमलं नाही, असा नाही. त्याने उत्तर दिलंच नाही, एवढाच. नोटिशीत ‘फेल्युअर टू पे’ असं येतं तेव्हा न भरणं हाच मुद्दा असतो, त्यामागचं कारण कोणी विचारत नाही. याच्या उलट ‘शी नेव्हर फेल्स टू कॉल’ हे दोन नकारांचं वाक्य: ती कधीच फोन करायला चुकत नाही. त्यातूनच ‘विदाउट फेल’, म्हणजे न चुकता. घाईत वाचणारा ‘फेल’ दिसताच अपयश समजतो आणि नेमका उलटा अर्थ काढतो.

दिसायला सारख्या पण नात्याने दूरच्या शब्दांचीही एकदा ओळख करून घ्या. ‘सक्सेसर’ म्हणजे गादीवर पुढे येणारा आणि ‘सक्सेसिव्ह’ म्हणजे लागोपाठ. ‘सक्सीड’चाच दुसरा अर्थ एखाद्याच्या जागी येणं असा आहे. तेव्हा ‘फोर सक्सेसिव्ह फेल्युअर्स’ म्हणजे चार यशस्वी अपयशं नव्हेत, ती लागोपाठची आहेत.

तिसरी पायरी: ‘जमलं’

एखादाच भाग नीट शिकायचा असेल तर हा शिका. रोजच्या बोलण्यात आपण ‘यश’ फारसं म्हणत नाही, ‘जमलं’ म्हणतो. त्यासाठी इंग्रजीत ‘कुड’, ‘वॉज एबल टू’ आणि ‘मॅनेज्ड टू’ असे तीन पर्याय हाताशी असतात, आणि त्यांतला पहिला आपण चुकीच्या जागी लावतो.

समजा दार अडकलं होतं, खटपट करून उघडलं. ‘आय कुड ओपन द डोअर’ इथे बसत नाही. ‘कुड’ भूतकाळातली सर्वसाधारण क्षमता सांगतो: ‘लहान असताना मला झाडावर चढता यायचं’ अशा वाक्यात तो शोभतो. एकदाच घडलेलं आणि पार पडलेलं काम सांगताना ‘आय वॉज एबल टू ओपन इट’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू ओपन इट’ म्हणावं लागतं. नकारात मात्र ही अट उरत नाही. दार उघडलं नसेल, तर ‘आय कुडन्ट ओपन इट’ अगदी बिनचूक. पाहणं, ऐकणं, वास येणं अशा क्रियापदांनाही सूट आहे: ‘आय कुड हिअर देम’ हे एकदाच घडलेलं असलं तरी चालतं.

‘एबल’ आणि ‘मॅनेज्ड’ यांतही फरक आहे. ‘मॅनेज्ड’ म्हटलं की वाटेत अडचण होती हे सांगून होतं. ‘आय मॅनेज्ड टू फिनिश बाय सिक्स’ म्हणजे सहापर्यंत कसंबसं उरकलं. म्हणूनच साध्या गोष्टीला तो विचित्र वाटतो: तब्येत ठणठणीत असताना ‘आय मॅनेज्ड टू ईट लंच’ म्हटलं, तर ऐकणारा काय झालं म्हणून विचारेल. याच छटेतून टोमणाही निघतो. ‘ही मॅनेज्ड टू लूज बोथ कीज’ म्हणजे पठ्ठ्याने दोन्ही किल्ल्या हरवून दाखवल्या! मराठीत आपण ‘दाखवणे’ जोडून जे साधतो, ते इथे ‘मॅनेज’ करतो.

याच घरातले बोलीतले तीन प्रयोग. ‘पुल इट ऑफ’ म्हणजे अवघड काम फत्ते करणं, विशेषतः होईल असं कुणाला वाटत नसताना. ‘मेक इट’ म्हणजे ठरल्या ठिकाणी किंवा ठरल्या वेळी पोचणं, त्यावरून आयुष्यात नाव काढणंही. ‘पे ऑफ’ म्हणजे कष्टांचं चीज होणं, आणि इथे कर्ता माणूस नसतो, कष्ट असतात: ‘हर हार्ड वर्क पेड ऑफ’.

चौथी पायरी: कोणाचं कोणाशी जमतं

ध्येयासाठी ‘अचीव्ह’ किंवा ‘रीच अ गोल’ म्हणतात, टार्गेट आणि डेडलाइन मात्र ‘मीट’ होतात, आणि महत्त्वाकांक्षा किंवा वचन ‘फुलफिल’ होतं. ‘अचीव्ह अ डेडलाइन’ असं कुणी म्हणत नाही. का, याला तर्क नाही. जोड्याच पाठ करायच्या.

विशेषणांचंही तसंच. मोठं यश ‘ह्यूज सक्सेस’, दणदणीत यश ‘रिझाउंडिंग सक्सेस’. एका रात्रीत नावारूपाला येणाऱ्याला ‘ओव्हरनाइट सक्सेस’ म्हणतात. थोडं जमलं, थोडं नाही, तर ‘मिक्स्ड सक्सेस’ किंवा ‘लिमिटेड सक्सेस’. ही शेवटची जोडी अहवालात फार कामाची: खोटंही बोलावं लागत नाही आणि बातमीही सौम्य होते. अपयशाला ‘कंप्लीट’, ‘टोटल’ आणि जरा जास्त बोचरं ‘डिस्मल’. ‘बिग फेल्युअर’ चूक नाही, पण बेचव आहे.

‘अ’ लावायचा की नाही हेही पाहून ठेवा. ‘सक्सेस टेक्स टाइम’ यात यश ही कल्पना आहे, म्हणून काही लागत नाही. ‘द इव्हेंट वॉज अ सक्सेस’ यात एक ठरावीक गोष्ट यशस्वी झाली, म्हणून ‘अ’ हवा. अपयशाला हाच नियम लागतो, पण तिथे जपून. ‘द प्लॅन वॉज अ फेल्युअर’ ठीक. ‘यू आर अ फेल्युअर’ म्हणजे तू आयुष्यातच वाया गेलास. मराठीतल्या ‘तू नापास झालास’पेक्षा हे कितीतरी जहाल आहे.

पाचवी पायरी: अपयशाचे प्रकार

अपयशाच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे, आणि इथे तिचा उपयोग करून घ्यायचा. आधी स्वतःला विचारा की मराठीत मी नेमकं कोणतं क्रियापद वापरलं असतं. ‘फेल झालं’ हे उत्तर चालणार नाही.

बोलणी झाली, जुळत आलं आणि शेवटी बारगळलं, तर ‘इट फेल थ्रू’. यातलं ‘फेल’ हे ‘फॉल’चं भूतकाळी रूप, नापासाचं नव्हे, उच्चारात नापासाच्या शब्दातला स्वर लांबतो, यातला आखूड राहतो. करायला गेलो एक आणि अंगलट आलं, तर ‘इट बॅकफायर्ड’. विनोद केला आणि कुणी हसलंच नाही, तर ‘द जोक फेल फ्लॅट’. वाटाघाटी फिसकटल्या, तर ‘द टॉक्स ब्रोक डाउन’. बंद पडलेल्या मशीनलाही तेच. सुरुवात धडाक्यात आणि पुढे सगळं थंड पडलं, तर ‘इट फिझल्ड आउट’. पुरता बोजवारा उडाला, तर ‘इट वॉज अ फियास्को’. धंदा बुडाला, तर ‘द कंपनी वेंट अंडर’. थोडं कमी पडलं, तर ‘वी फेल शॉर्ट’, आणि कशात कमी पडलं ते सांगायला पुढे ‘ऑफ’: ‘फेल शॉर्ट ऑफ द टार्गेट’. इतकी धडपड करून हाती काही लागलं नाही, तर ‘इट केम टू नथिंग’.

एक शब्द मुद्दाम वेगळा काढतो: ‘सेटबॅक’. काम मागे पडलं, पण संपलं नाही. मुलाखतीत अपयशाबद्दल विचारलं की बहुतेक जण ‘फेल्युअर’ला चिकटून बसतात. ‘वी हॅड अ सेटबॅक, सो वी चेंज्ड द प्लॅन’ एवढं म्हटलं तरी उत्तर पुढे सरकतं. पण प्रश्न थेट ‘तुमचं अपयश सांगा’ असा असेल आणि काम खरंच बुडालं असेल, तर ‘सेटबॅक’च्या आड लपू नका. मुलाखत घेणाऱ्याने हा शब्द तुमच्या आधी बऱ्याच जणांकडून ऐकलेला असतो.

सहावी पायरी: जिंकणं आणि हरवणं

ही पायरी छोटी, चूक मात्र सार्वत्रिक. ‘विन’ पुढे सामना, बक्षीस, निवडणूक येते. ‘बीट’ पुढे प्रतिस्पर्धी येतो. ‘वी वन देम’ नाही, ‘वी बीट देम’. ‘बीट’चा भूतकाळही ‘बीट’च. हरताना ‘लूज टू’: ‘दे लॉस्ट टू अस’. किती फरकाने ते ‘बाय’ने सांगायचं. ‘लूज’ म्हणजे हरणं यात ओ एकदाच येतो आणि शेवटचा उच्चार ‘झ’कडे झुकतो, ओ दोनदा आला की अर्थ सैल असा होतो. इंग्रजी मातृभाषा असलेलेही यात घसरतात, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका.

सातवी पायरी: कोणाशी बोलतोय

अर्ज फेटाळल्याच्या पत्रात ‘फेल्ड’ क्वचितच असतो. तिथे ‘युअर अॅप्लिकेशन हॅज बीन अनसक्सेसफुल’ असं येतं, अनेकदा ‘ऑन धिस ऑकेजन’ची फुंकर घालून. आपणही कुणाला नकार कळवताना हाच शब्द घ्यावा. मित्रांत ‘आय मेस्ड अप’ म्हणजे मी घोळ घातला, ‘आय ब्लू इट’ म्हणजे हातातली संधी घालवली, ‘नेल्ड इट’ म्हणजे एकदम झकास जमलं. ‘स्क्रूड अप’ तेवढा रांगडा, वरिष्ठांसमोर टाळावा.

अभिनंदन करताना ‘काँग्रॅच्युलेशन्स’चा शेवटचा ‘स’ गाळू नका आणि पुढे ‘ऑन’ लावा: ‘काँग्रॅच्युलेशन्स ऑन विनिंग’. ‘वेल डन’ ही पाठीवरची थाप आहे. ती बरोबरीच्याला किंवा धाकट्याला. साहेबांना ‘वेल डन’ म्हटलं तर तुम्ही त्यांचे गुण तपासताय असं वाटतं. सांत्वनाला ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’ आपण सर्रास वापरतो, पण सुरात थोडा फरक पडला की तो खोचक लागतो. ‘दॅट्स टफ’ किंवा ‘यू केम सो क्लोज’ जास्त माणुसकीचं.

आठवी पायरी: एक खरी गोष्ट सांगून पाहा

शब्द जमा झाले की ते एकाच गोष्टीत वापरायचे. त्यासाठी यश, अपयश आणि थोडक्यात हुकणं तिन्ही असलेली गोष्ट शोधा. एव्हरेस्टची पहिली यशस्वी चढाई यासाठी फार सोयीची आहे. 1952 मध्ये स्विस मोहिमेतले रेमंड लँबर्ट आणि तेनसिंग नोर्गे सुमारे 8,600 मीटरपर्यंत पोचले आणि परतले. 26 मे 1953 ला ब्रिटिश मोहिमेचे टॉम बर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स दक्षिण शिखरापर्यंत गेले. माथा सुमारे शंभर मीटर उंचीवर राहिला होता. ऑक्सिजनच्या उपकरणाने त्रास दिला, वेळही उरला नव्हता, ते मागे फिरले. तीन दिवसांनी, 29 मे रोजी, एडमंड हिलरी आणि तेनसिंग माथ्यावर पोचले.

आता हेच इंग्रजीत:

‘द स्विस केम क्लोज इन 1952, बट दे फेल्ड टू रीच द टॉप.’
‘बर्डिलन अँड इव्हान्स मॅनेज्ड टू रीच द साउथ समिट.’
‘दे फेल शॉर्ट बाय अबाउट अ हंड्रेड मीटर्स अँड टर्न्ड बॅक.’
‘इट वॉज अ सेटबॅक, नॉट द एंड.’
‘थ्री डेज लेटर, हिलरी अँड तेनसिंग मेड इट.’
‘दे सक्सीडेड इन क्लाइंबिंग एव्हरेस्ट.’

दुसऱ्या वाक्यातला ‘मॅनेज्ड’ पाहा: तो प्रयत्न फसला तरी त्या दोघांनी काहीतरी अवघड केलं होतं, हे तो एक शब्द सांगतो. तिथे ‘फेल्ड’ घालून तेच वाक्य फिरवून पाहा, आणि दोन्ही मोठ्याने वाचा. मग वही मिटून गोष्ट स्वतःच्या शब्दांत फोनवर रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंग ऐकताना व्याकरण तपासत बसू नका. फक्त कुठे थांबलात ते टिपा. जिथे थांबलात तो शब्द अजून आपला झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी हीच पद्धत स्वतःच्या प्रसंगाला लावा: फसलेला बेत, उशिरा का होईना मिळालेलं काम, हरलेला सामना. त्यात निदान एक ‘कुडन्ट’, एक ‘मॅनेज्ड’ आणि पाचव्या पायरीतलं एक क्रियापद यायलाच हवं, अशी अट घाला.

नववी पायरी: उजळणी

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत दिसलं ते असं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरलं जातं, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिली उजळणी लवकर, पुढच्या वाढत्या अंतराने. सेबास्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात यासाठी खोक्याची युक्ती रूढ केली: कार्डं कप्प्यांत ठेवायची, बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे उशिरा-उशिरा. अंकीसारखी अॅप्स हेच वेळापत्रक आपोआप सांभाळतात. माझं मत विचाराल तर सुरुवात कागदी कार्डांनीच करावी, कारण अॅपमध्ये दुसऱ्यांनी तयार केलेले गठ्ठे उतरवून घ्यायचा मोह होतो आणि त्यांत बहुधा पुन्हा शब्द-अर्थाचीच यादी असते.

कार्डाच्या एका बाजूला मराठी शब्द न लिहिता प्रसंग लिहा: ‘दार अडकलं होतं, शेवटी उघडलं’. मागे पूर्ण इंग्रजी वाक्य. दिवसाला चार-पाच नवी कार्डं पुष्कळ झाली. ‘सक्सीड इन’ आणि ‘फेल टू’ मात्र एकाच दिवशी घालू नका. दोन्ही नवे असताना एकाचं शेपूट दुसऱ्याला लागतं. एक पक्कं झाल्यावर आठवड्याने दुसरं घाला, आणि मगच वहीत दोघांना शेजारी बसवा.